घरात कुत्रा आणि मांजर दोघंही आहेत? परजीवींचा प्रवास समजून घेऊ या



गेल्या वर्षी गणपतीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली. पहिल्याच दिवशी सहावीतली एक मुलगी वर्गात गप्प बसून होती. एरवी सगळ्यात आधी हात वर करणारी. मधल्या सुट्टीत जवळ बोलावून विचारलं तेव्हा कळलं, की तिची मनी गेली. घरच्या कुत्र्याला, मोतीला, गोचिडी झाल्या होत्या म्हणून वडिलांनी मानेवर टाकायचे थेंब आणले होते. थोडं औषध उरलं. मांजराच्या अंगावरही पिसवा दिसत होत्या, म्हणून उरलेले थेंब तिच्या मानेवर टाकले. रात्री मनी थरथरायला लागली, मग झटके आले आणि सकाळपर्यंत सगळं संपलं.

ती मला म्हणाली, "बाई, मोतीला काहीच नाही झालं. मग मनीलाच का झालं?"

मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. नंतर पशुवैद्यांना विचारलं, थोडं वाचलं, आणि लक्षात आलं की हा प्रश्न एका घराचा नाही. आपल्या मुरुडमध्ये कोळीवाड्यापासून वाडीतल्या घरांपर्यंत दाराशी एक कुत्रा आणि चुलीपाशी एक मांजर असतंच. वडिलांनी जे केलं ते काळजीपोटीच केलं होतं. कमी पडली ती माहिती. म्हणून आजचा हा पाठ.

परजीवी म्हणजे काय?

जो सजीव दुसऱ्या सजीवाच्या अंगावर किंवा शरीरात राहून त्याच्यावरच पोसला जातो, तो परजीवी. ज्याच्यावर तो राहतो तो त्याचा आश्रयी, म्हणजे यजमान. पाळीव प्राण्यांच्या बाबतीत त्यांचे दोन सोपे गट करता येतात.

१. बाह्य परजीवी : अंगावर राहणारे. पिसवा, गोचिडी, उवा, खरजेचे आणि कानातले बारीक किडे.
२. अंतर्गत परजीवी : शरीरात राहणारे. गोल जंत, अंकुशकृमी, पट्टकृमी वगैरे.

दहावीच्या विज्ञानात प्राण्यांचं वर्गीकरण शिकवताना आपण चपट्या कृमींचा, गोल कृमींचा आणि संधिपाद प्राण्यांचा संघ शिकवतो. मुलं नावं पाठ करतात आणि विसरतात. पण तेच प्राणी आपल्या अंगणात आहेत असं दाखवलं, की धडा डोक्यात बसतो.

मुरुडच्या हवेत हे जास्त का?

परजीवींच्या अंड्यांना आणि अळ्यांना तीन गोष्टी लागतात : ऊब, ओल आणि सावली. आपल्याकडे तिन्ही भरपूर. नारळी-पोफळीच्या वाडीत शिंपण्यामुळे बारा महिने ओल असते. पावसाळ्यात अंगणातली माती चार महिने सुकतच नाही. किनाऱ्यावर सुरूच्या बनाखालची वाळू सावलीत दमट राहते. आणि आपली चिऱ्याची घरं! जांभ्या दगडाला जी भोकं आणि फटी असतात, त्या गोचिडीला अंडी घालायला अगदी आयत्या मिळतात.

त्यात भटकी कुत्री किनाऱ्यावर, मासळी उतरते तिथे आणि आपल्या दारातही फिरतात. आपला मोती संध्याकाळी त्यांच्यात खेळून येतो आणि रात्री पडवीत मनीच्या शेजारी झोपतो. इथूनच प्रवास सुरू होतो.

परजीवी एकाकडून दुसऱ्याकडे जातात तरी कसे?

हे समजलं तर उपाय पाठ करावे लागत नाहीत, आपोआप सुचतात. म्हणून एकेक बघू या.

*पिसू :* मांजराची पिसू म्हणून ओळखली जाणारी जात कुत्र्यावरही सर्रास आढळते. म्हणजे पिसवेला कुत्रा-मांजर असा भेद नाही. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. ही अंडी केसांना चिकटून राहत नाहीत, मिठासारखी खाली सांडतात. जिथे प्राणी झोपतो तिथे, गोणपाटावर, गोधडीत, सोफ्याच्या फटीत. त्यातून अळी होते, अळीचा कोष होतो आणि कोषातून पिसू. आपल्यासारख्या उबदार दमट हवेत हे चक्र साधारण तीन आठवड्यांत पुरं होऊ शकतं. पण कोषातली पिसू कित्येक महिने थांबूनही राहते. प्राण्याची ऊब, श्वास, पावलांची हालचाल जाणवली की बाहेर येते. महिनाभर बंद असलेलं घर उघडल्याबरोबर पायाला पिसवा चावतात, त्याचं कारण हेच.

याचा अर्थ काय? अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे एकूण पिसवांचा लहानसा भाग. बाकीचा सगळा कुटुंबकबिला अंड्या-अळ्या-कोषांच्या रूपात घरात पसरलेला असतो. फक्त कुत्र्याला आंघोळ घालून काम होत नाही ते यामुळेच.

*पट्टकृमी :* हा पिसवेच्या पाठीवर बसून येणारा पाहुणा. पिसवेची अळी जमिनीवरची पट्टकृमीची अंडी खाते. ती पिसू झाली की तिच्या पोटात कृमीही वाढलेला असतो. मांजर अंग चाटताना किंवा कुत्रा अंग चावताना ती पिसू गिळतो, आणि आतड्यात पट्टकृमी वाढतो. प्राण्याच्या शेपटीखाली किंवा झोपायच्या जागेवर तांदळाच्या दाण्यासारखे, काकडीच्या बीसारखे तुकडे दिसले तर ते याचेच. आता मुलांना विचारा : जंताचं औषध दिलं पण पिसवा तशाच ठेवल्या, तर काय होईल? बरोबर. महिन्याभरात जंत परत.

*गोचीड :* कुत्र्याची तपकिरी गोचीड प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन खाली पडते, कात टाकते आणि परत नवा कुत्रा शोधते. पोट भरलेली मादी भिंतीवर चढून फटीत जाते आणि हजारोंच्या संख्येने अंडी घालते. ही गोचीड मुख्यतः कुत्र्याकडून कुत्र्याकडे जाते, मांजरावर क्वचित दिसते. तिच्या चाव्यातून कुत्र्याला गोचीडताप होतो. कुत्रा खात नाही, मलूल पडतो, हिरड्या पांढुरक्या दिसतात, कधी नाकातून रक्त येतं. अशी लक्षणं दिसली तर वाट बघू नये.

*गोल जंत :* पिल्लांचं पोट टम्म आणि बरगड्या वर आलेल्या दिसतात ना? बऱ्याचदा कारण हे. कुत्रीच्या पोटातल्या पिल्लांना हे जंत जन्माआधीच लागतात, शिवाय दुधातूनही जातात. मांजराच्या पिल्लांना ते आईच्या दुधातून मिळतात. विष्ठेतून पडलेली अंडी लगेच संसर्ग करत नाहीत. त्यांना मातीत दोन ते चार आठवडे पिकावं लागतं. पण एकदा पिकली की ती मातीत वर्षानुवर्षं टिकू शकतात आणि साध्या फिनेलने मरत नाहीत. म्हणून विष्ठा त्याच दिवशी उचलणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा उपाय.

*अंकुशकृमी :* याची अंडी ओल्या वाळूत एक-दोन दिवसांत फुटतात आणि आठवड्याभरात अळी तयार होते. ती तोंडातून जाते, तशीच थेट कातडीतूनही आत शिरते. याच्या काही जाती कुत्रा आणि मांजर दोघांनाही होतात. हा जंत आतड्यातून रक्त पितो, त्यामुळे लहान पिल्लं दगावतात.

*कानातले किडे आणि खरूज :* मांजर सारखं डोकं झटकतंय, कानात कॉफीच्या भुकटीसारखा काळा मळ दिसतोय, तर कानातले किडे असू शकतात. हे एकत्र झोपणाऱ्या मांजरांमध्ये आणि कुत्र्यांमध्ये एकमेकांच्या स्पर्शाने पसरतात. खरूजही स्पर्शाने पसरते. मात्र कुत्र्याच्या अंगावरचे केस जाण्याचं प्रत्येक कारण संसर्गजन्य नसतं. म्हणून केस गळलेल्या कुत्र्याला हाकलून देण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

आपल्या मुलांना होतं का?

हो, काही गोष्टी होतात. घाबरायचं कारण नाही, पण माहीत हवं.

मागे एका मुलाच्या तळपायावर लाल, नागमोडी रेघ उठली होती. रोज थोडी पुढे सरकायची आणि रात्री भयंकर खाज. घरच्यांना वाटलं काहीतरी चावलं. डॉक्टरांनी सांगितलं, ही कुत्र्या-मांजराच्या अंकुशकृमीची अळी. माणसाच्या कातडीत ती शिरते, पण तिला पुढचा रस्ता सापडत नाही, म्हणून कातडीखालीच फिरत राहते. औषधाने बरं होतं. मुलांना किनाऱ्यावर खेळायला जरूर पाठवा, पण भरतीच्या पाण्याने रोज धुतल्या जाणाऱ्या वाळूत. सुरूखालच्या कोरड्या-दमट, सावलीतल्या वाळूत चपला घालूनच जायला सांगा.

गोल जंताची पिकलेली अंडी मातीच्या हातांनी तोंडात गेली, तर अळ्या माणसाच्या शरीरात भटकतात. क्वचित त्या डोळ्यापर्यंत पोहोचतात आणि नजरेला इजा करतात. मातीत खेळून आल्यावर साबणाने हात धुणं ही शिस्त नुसती शाळेच्या भिंतीवर लिहिण्यापुरती नाही, ती यासाठी.

घरात गरोदर स्त्री असेल तर मांजराची शी तिने काढू नये, दुसऱ्या कुणीतरी काढावी, आणि रोज काढावी. मांजराच्या विष्ठेतून येणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीला संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोज साफ केलं तर त्याला तेवढा वेळच मिळत नाही.

आणखी एक प्रश्न पालक हमखास विचारतात. शाळेत फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये राष्ट्रीय जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी मिळते, तीच कुत्र्याला दिली तर? देऊ नका. ती गोळी माणसाच्या जंतांसाठी, माणसाच्या वजनाच्या हिशोबाने दिलेली आहे. प्राण्याचं औषध प्राण्याच्या डॉक्टरांनी वजन करून ठरवायचं.

घरात काय करायचं?

१. *सगळ्यांना एकाच वेळी औषध.* घरात तीन प्राणी असतील आणि एकालाच औषध दिलं, तर उरलेले दोघं त्याला परत देतात. दिवस एकच ठेवा, औषध मात्र प्रत्येकाचं वेगळं.

२. *वेळापत्रक पाळा.* कुत्र्याच्या पिल्लाला साधारण दोन आठवड्यांचं असल्यापासून जंताचं औषध सुरू करतात. दोन महिन्यांचं होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी. मांजराच्या पिल्लाचं तिसऱ्या आठवड्यापासून. पिल्लांच्या आईलाही विसरू नका. नेमकं औषध आणि मात्रा पशुवैद्य सांगतील. कॅलेंडरवर गॅस सिलिंडरची तारीख लिहितो तशी ही तारीख लिहून ठेवा.

३. *नव्या पाहुण्याला वेगळं ठेवा.* पावसात कुडकुडणारं पिल्लू मुलं उचलून आणतात. आणू द्या. पण दोन आठवडे त्याची जागा, भांडं, गोणपाट वेगळं ठेवा. डॉक्टरांना दाखवा, मग बाकीच्यांत सोडा.

४. *झोपायची जागा धुवा.* गोणपाट, चादर आठवड्यातून एकदा कडकडीत गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा गोणपाट जुनं झालं की टाकूनच द्या. कोपरे, पलंगाखालची जागा, सोफ्याच्या फटी रोज झाडा. केर घरातच ठेवू नका. चिऱ्याच्या भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवून घ्या.

५. *विष्ठा रोज उचला.* कागद किंवा करवंटीच्या तुकड्याने उचलून खोल खड्ड्यात पुरा. भाजीच्या वाफ्यात किंवा नारळाच्या आळ्यात टाकू नका. किनाऱ्यावर कुत्रा फिरवायला नेलात तर पिशवी सोबत न्या.

६. *कच्चं खाऊ घालू नका.* मासळी साफ केली की डोकी, आतडी मांजरापुढे टाकायची आपली सवय आहे. काही जंत कच्च्या मासळीतून येतात. तेच उकळून घातलं तर धोका जातो. मटणाच्या दुकानातल्या कच्च्या फुफ्फुस-यकृताचे तुकडे कुत्र्याला तर मुळीच नकोत. त्यात पाण्याने भरलेल्या गाठी असल्या, तर कुत्र्याच्या पोटात एक छोटा पट्टकृमी वाढतो, आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या यकृतात तशाच गाठी होऊ शकतात.

७. *गोचीड नीट काढा.* चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा. बोटांनी चिरडू नका. साबणाच्या पाण्यात बुडवून टाका आणि हात धुवा.

सगळ्यात महत्त्वाचं : कुत्र्याचं औषध मांजराला नको

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांवरच्या अनेक थेंबांत, पावडरींत आणि फवाऱ्यांत परमेथ्रिन नावाचं रसायन असतं. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात किडे मारणारं द्रव्य असतं, त्याच धर्तीवर हे कारखान्यात बनवलेलं आहे. कुत्र्याचं यकृत ते मोडून निकामी करतं. मांजराच्या यकृतात ती क्षमता फार कमी असते. त्यामुळे ते मांजराच्या शरीरात साठून मज्जासंस्थेवर परिणाम करतं. अंग थरथरणं, लाळ गळणं, झटके येणं ही त्याची लक्षणं. कुत्र्याच्या वजनासाठीचे थेंब त्या लहानशा जिवासाठी फारच जास्त होतात.

म्हणून :

- पाकिटावर मांजराचं चित्र किंवा "मांजरांसाठी" असं लिहिलेलं नसेल, तर ते मांजराला लावू नका. "थोडंसं लावलं तर काय होतंय" हा विचार इथे जिवावर बेततो.
- कुत्र्याला औषध लावलं असेल, तर ते पूर्ण सुकेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत ठेवा. मांजर कुत्र्याला खेटून झोपतं, त्याला चाटतं, आणि औषध तिच्या पोटात जातं.
- चुकून लागलंच, तर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साध्या साबणाने लगेच धुवा, टॉवेलात गुंडाळून पशुवैद्यांकडे न्या आणि औषधाचं पाकीट सोबत घ्या. झटके यायची वाट बघू नका.

काही समज आणि खरं काय

"समुद्रात आंघोळ घातली की पिसवा जातात." अंगावरच्या काही जातील. घरातले कोष मात्र तसेच राहतात.

"विष्ठेत जंत दिसत नाहीत, म्हणजे जंत नाहीत." अंडी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन दवाखान्यात तपासून घेता येते.

"गोचिडीवर रॉकेल लावावं." कातडी भाजते, आणि प्राणी ते चाटतो.

"जेवणात लसूण घातली की जंत पडतात." लसूण आणि कांदा कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशींना घातक आहेत.

"आमचं मांजर घराबाहेर जातच नाही." पिसवा कपड्यांवरून येतात, माती चपलांना लागून येते, आणि उंदीर घरातच असतो. उंदीर खाऊनही मांजराला पट्टकृमी होतो.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

*ओल्या कागदाची चाचणी.* मुलांना घरी मोठ्यांच्या मदतीने करायला सांगा. बारीक दातांच्या फणीने कुत्र्या-मांजराचे केस विंचरायचे आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकायचे. कणाभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती माती असेल तर डाग तांबूस होत नाही. नंतर हात साबणाने धुवायचे. आमच्या वर्गात हे केलं तेव्हा "आमच्याकडे पिसवा नाहीत" म्हणणाऱ्या काही घरांतून तांबूस डागांचे कागद आले.

*रांगोळीचा खेळ.* तीन मुलं : मोती, मनी आणि बाळ. मोतीच्या हाताला रंगीत रांगोळी लावा. तिघांनी दोन मिनिटं चेंडू खेळायचा. मग कोणाच्या हाताला किती रंग लागला ते बघा. दुसऱ्या फेरीत मोतीचे हात आधी धुवा. पहिलीतल्या मुलालाही न बोलता कळतं.

*जीवनचक्राचा तक्ता.* अंडं, अळी, कोष, पिसू अशी चार चित्रं काढायची आणि प्रत्येकाखाली लिहायचं : "हिला इथे कसं अडवू?" उत्तरं मुलांनाच शोधू द्या. अंड्याखाली कुणी "गोधडी धुणे" लिहील, अळीखाली "केर काढणे". हे आठवीच्या "आरोग्य व रोग" या पाठाला जोडूनही घेता येईल.

शेवटी

त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. कुत्र्याचं औषध मांजराला विष का होतं, हे तिने वहीत लिहून नेलं आणि घरी वडिलांना वाचून दाखवलं. दिवाळीनंतर तिच्याकडे एक नवं पिल्लू आलं, करड्या रंगाचं. पहिले दोन आठवडे ते मोतीपासून वेगळं, न्हाणीघराशेजारच्या खोक्यात होतं. जंताच्या औषधाच्या तारखा तिने स्वतः कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिल्या आहेत.

पालकहो, आज घरी गेल्यावर एवढंच करा. औषधांच्या डब्यात कुत्र्याचं उरलेलं औषध असेल, तर त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा : "मांजराला लावू नये."